राहू दे, लागेल

मी एक जुना दांडा आहे. कुऱ्हाडीचा. मित्रांनो, तुम्ही आजवर तुटक्या छत्रीची कहाणी ऐकली असेल, फुटक्या पाटीची ऐकली असेल. त्या बिचाऱ्या शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझे तसे नाही. मी कोणालाही माफ केलेले नाही. एका भुंगेऱ्यावर माझा दात आहे. दांड्याला दात नसतात हे मला ठाऊक आहे, तरीही आहे.

आम्हा दांड्यांची लोकांत फार बदनामी आहे. झाडाचाच तुकडा आणि झाडावरच उठतो, म्हणून आम्हाला घरभेदी म्हणतात. कोणी आपल्याच माणसाचा घात केला की हटकून आमचे नाव निघते. माझ्या बाबतीत तर ते अक्षरशः खरे आहे. मी माझ्या सख्ख्या आईच्या अंगावर घाव घातले आहेत. पण ते का घातले, हे ऐकल्याशिवाय मला नावे ठेवू नका.

माझी आई म्हणजे दांड्यांच्या एका कारखान्यामागचे झाड. कारखाना म्हटले म्हणून मोठे काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचे छप्पर, खाली एक लांब बाकडे, भिंतीला टांगलेले रंधे, करवती आणि पटाश्या, आणि जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. तिथे कुऱ्हाडीचे, कुदळीचे, फावड्याचे, हातोडीचे दांडे होत. मागचे दार उघडले की समोर माझी आई आणि तिच्या पाठीमागे वर वर चढत गेलेला उतार. त्या उतारावर सगळी आमच्याच जातीची झाडे, बहुतेक आईच्या बियांतून उगवलेली, म्हणजे माझी भावंडे. कारखान्याला लागणारे लाकूड त्याच राईतून येई, पण त्यासाठी उभे झाड कधी पाडले नाही. एक फांदी घ्यायची आणि मग झाडाला सावरायला पुरेसा वेळ द्यायचा, अशी तिथली रीत होती.

माझ्या आईचे झाड कारखान्याच्या मालकाच्या वडिलांनी मुलगा जन्मायच्या आधी लावले होते. मुलाने बोलायला लागल्यावर झाडाला 'अक्का' अशी हाक मारली आणि केस पांढरे झाले तरी ती सोडली नाही. सकाळी मागचे दार उघडून "अक्का, उठलीस का?" असे विचारल्याशिवाय तो हत्याराला हात लावत नसे. आता तुम्हीच नाते जुळवा. अक्का माझी आई, म्हणजे तिचा धाकटा भाऊ माझा मामा. मी त्यांना मनातल्या मनात मामाच म्हणत आलो. आपल्याला एवढा थोरला भाचा आहे याचा त्यांना पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एका हिवाळ्यात मामांनी अक्काची एक फांदी हेरली. "रेषा बघ हिच्या," ते आपल्या मुलीला म्हणाले. "बुडापासून टोकापर्यंत कुठे मोडत नाहीत. हा दांडा हाताला झिणझिण्या येऊ देणार नाही."

"बघायचं काय त्यात? अक्काची फांदी आहे, सरळच असणार," मुलगी म्हणाली.

तिला घरात थोरली म्हणत. तिला धाकटे भावंड कधी झालेच नाही. पण पाळण्यात होती तेव्हापासून ती आल्यागेल्याकडे डोळे वटारून बघे, म्हणून हे नाव पडले. मोठी झाल्यावर तीही बाकड्यावर बसून दांडे घडवू लागली. हात वडिलांसारखा हलका आणि तोंड मात्र फटकळ.

मित्रांनो, माझी साल सोलली, मग मला आढ्याखाली सावलीत वाळत ठेवले. लाकडाला घाई चालत नाही. अंगातली ओल पुरती गेली तेव्हा खाली काढले, तासले, रंधा मारला, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केले आणि पोटभर तेल पाजले. शेवटी डोक्यावर लोखंडी पाते चढवून वरून पाचर ठोकली. तेव्हा मात्र माझ्या तोंडून 'आई गं' निघाले असते, तोंड असते तर. आई मागच्या दारातच उभी होती.

मामांनी मला विकले नाही. वादळात मोडून लोंबकळणाऱ्या फांद्या उतरवणे, वाळकी झुडपे काढणे, बंबासाठी ढलप्या फोडणे, सगळी कामे मी केली. शेजारचा गवंडी एकदा मला मागून घेऊन गेला आणि परत द्यायचे नावच घेईना. "हा हातात असला की दमायला होत नाही," असे तो सगळ्यांना सांगत सुटला. शेवटी थोरली त्याच्या दारात जाऊन भांडली आणि मला खांद्यावर टाकून घेऊन आली. त्या दिवशी मी जरा फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

मामा माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्यात एक खोड होती. त्यांना लाकूड टाकवत नसे. मोडक्या खुर्चीचा पाय, बिजागरी उपटलेले दार, कोणाच्या तरी पलंगाची फळी, जे दिसेल ते उचलून आणायचे आणि मागच्या दारापाशी रचायचे. कोणी काही बोलले तर उत्तर ठरलेले: "राहू दे, लागेल." वर्षानुवर्षे तो ढीग वाढत गेला आणि घरात त्याचे नावच 'लागेल' पडले. मामींनी विचारावे, "शिडी कुठे गेली?" आणि आतून थोरलीने ओरडावे, "लागेलवर!"

"मी म्हातारी झाले की मलाही त्या लागेलवर नेऊन ठेवा," मामी म्हणत.

"तुझी जागा केव्हाच राखून ठेवलीय," मामा म्हणत. "खुर्चीच्या पायाशेजारी."

रस्त्यापलीकडे एक फरशीवाला होता. त्याच्याकडे समुद्रापलीकडून फरशा येत, जाडजूड लाकडी खोक्यांत भरून. तो खोकी फोडून फळ्या दुकानाबाहेर टाकून देई. मामांनी त्या पाहिल्या आणि त्यांचे डोळे लकाकले. हातगाडीवर घालून सगळ्या घरी आणल्या.

थोरलीने एक फळी उलटीपालटी करून पाहिली. "बाबा, हिच्या कडेला अजून साल आहे. आपण आपल्या राईतलं लाकूडसुद्धा साल सोलल्याशिवाय घरात घेत नाही."

"सोलू गं नंतर. लाकूड बघ कसं दणकट आहे. फुकट मिळतंय, नाही कशाला म्हणायचं? राहू दे, लागेल."

मित्रांनो, हा शब्द जपून वापरावा. वस्तू लागते, म्हणजे कामाला येते. दगड लागतो, म्हणजे इजा होते. आणि कीडही लागतेच. मामांच्या मनात फक्त पहिला अर्थ होता.

त्या दिवशी काम आटोपून मला त्याच ढिगाला टेकवून ठेवले होते. लाकडाला लाकूड टेकले की आतले ऐकू येते. एका फळीच्या सालीखालून कुरकुर, कुरकुर असा बारीक आवाज येत होता. आत कोणीतरी निवांत जेवत होते. मला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला. मी बोंब ठोकली असती, दारे वाजवली असती, पण दांडा पडला मुका. मामा हात धुऊन आत गेले आणि मी ऐकत राहिलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बाहेर आला. नखाएवढा लांबट भुंगेरा, अंग हिरवे आणि असे चकचकीत की कोणी पॉलिश करून पाठवला असावा. मामी बाहेर कपडे वाळत घालत होत्या. तो त्यांच्या हातावरच बसला.

"अगंबाई, काय देखणा आहे!" मामी म्हणाल्या. "याचं कानातलं करून घालावंसं वाटतं."

त्या देखण्याने आपल्या मिशा साफ केल्या आणि इकडेतिकडे पाहिले. माझ्याकडे तर ढुंकूनही पाहिले नाही. मी सोललेला, वाळलेला, त्याच्या काहीच कामाचा नव्हतो. मला मोजले नाही ही त्याची घोडचूक झाली. तो मामींच्या हातावरून उडाला आणि सरळ अक्काच्या अंगावर जाऊन बसला. त्याच्यामागून त्याची भावंडे निघाली. एकेकाचा चेहरा मी लक्षात ठेवला. सगळे सारखेच दिसत होते, तरी ठेवला.

हा भुंगेरा स्वतः फारसे काही करत नाही. चार पाने कुरतडतो, उन्हात मिरवतो. खरे काम त्याची पोरे करतात. मादी सालीच्या भेगेत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते आणि साल पोखरून आत शिरते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या पदरातून मुळांकडे उतरत असते. अळी नेमका तोच पदर खात नागमोडी फिरत राहते. एका अळीने झाडाचे काही बिघडत नाही, पण त्या शेकड्यांनी झाल्या की झाडाचे जेवण वाटेतच अडते. बाहेरून पाहावे तर साल जशीच्या तशी. या भुंगेऱ्याच्या मुलखातली झाडे त्याला ओळखून असतात, तिथे त्याचे वैरीही आहेत. आमच्याकडे मात्र त्याला हटकणारे कोणी नव्हते. पाहुणा म्हणून आला आणि आमच्या मुळावर उठला.

पहिल्या वर्षी काहीच कळले नाही. पुढे एका वसंतात अक्काचा शेंडा विरळ दिसू लागला. मामा म्हणाले, "तहानली असेल." ते बादल्या भरभरून पाणी घालू लागले. खत आणून घातले. मग तिच्या बुंध्यातून, अगदी खालून, कोवळे फुटवे निघाले. मामा आनंदाने ओरडले, "अगं, या गं! बघा, अक्काला नवी पालवी फुटली!" मामी आणि थोरली धावत आल्या. तिघेही हसत होते. वरून अन्न उतरेना म्हणून झाड असे खालून धडपडत असते, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. मला ते हसणे ऐकवेना.

पुढच्या वर्षी अर्धे झाड उघडे पडले. सुतारपक्षी येऊन सालीचे कपचे उडवू लागले. मामा दांडे करायचे सोडून अक्कापाशी स्टूल टाकून बसत. "काय दुखतंय? सांग की मला," असे विचारत. मला दाराआड उभे करून ठेवले होते. माझ्या पात्यावर गंज चढला, माझे तेल सुकले, कोणी विचारपूस केली नाही. माझ्या दुर्लक्षाचे दुःख मला नव्हते. दाराच्या फटीतून ते हिरवे मिरवणारे दिसत आणि मला हात नव्हते, हे दुःख होते.

शेवटी थोरलीने झाडांच्या खात्यात जाऊन एका बाईंना बोलावून आणले. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. गावातल्या रस्त्यांवरची आणि आसपासच्या जंगलातली झाडे तपासणे हे त्यांचे काम. त्यांनी अक्काभोवती एक फेरी मारली आणि बुंध्यावरची बारीक भोके दाखवली. एका बाजूने सपाट, दुसरीकडून गोल, अर्ध्या बटणासारखी. मग खिशातली सुरी काढून सालीचा एक तुकडा उचकटला. खाली सगळीकडे नागमोडी चर पडले होते आणि चरांत भुसा भरलेला होता. त्यात एक पांढरी अळी वळवळत होती.

"बाहेरगावचं लाकूड आणलंय का इथे कोणी?" बाईंनी विचारले.

थोरलीने ढिगाकडे पाहिले, मामींनी थोरलीकडे पाहिले. मामा जमिनीकडे बघत होते.

"मी आणलं," मामा म्हणाले. "लागेल म्हणून."

बाई त्यांना रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, कारण मामांचा चेहरा बघवत नव्हता. भुंगेऱ्याने माझ्या मामालाच मामा बनवले होते, मित्रांनो, आणि ते मला आईच्या दुखण्याइतकेच झोंबले.

मामांनी त्याच दिवशी ढीग पेटवला. बाई सांगत होत्या की साल असलेल्या फळ्या तेवढ्या जाळा, सोललेल्या सुक्या लाकडाला हा किडा शिवत नाही. मामांनी ऐकले नाही. खुर्चीचा पाय, दार, पलंगाची फळी, सगळे आगीत गेले. ज्या ढिगाला मामींनी जन्मभर नावे ठेवली, तो जळताना पाहून त्यांनाच रडू फुटले. त्यानंतर त्या घरात तो शब्द ऐकू येईनासा झाला.

पण भुंगेरे ढिगात थोडेच राहिले होते? बाईंनी उतारावरची झाडे तपासली. खालच्या काही झाडांवर ती अर्ध्या बटणाची भोके दिसू लागली होती. वरची राई अजून निरोगी होती. "थोड्या झाडांना औषध टोचता येईल, सगळ्या उताराला नाही पुरणार," त्या म्हणाल्या. "येत्या उन्हाळ्यात हे उडून वर गेले तर राई हातची गेली."

"आणि अक्का?" मामांनी विचारले.

"ती नाही वाचणार. पण राईला ती वाचवू शकेल." आणि बाईंनी तो उपाय सांगितला. वसंतात झाडाच्या कमरेभोवती सालीचे एक कडे सोलून काढायचे. असे घायाळ झाड एक वास सोडते. भुंगेऱ्यांना तो वास आवरत नाही. आसपासची निरोगी झाडे सोडून ते त्या झाडाकडे धाव घेतात आणि तिथेच अंडी घालतात. मग हिवाळ्यात, पिल्ले बाहेर पडायच्या आत, झाड पाडून जाळून टाकायचे. "त्यांची पुढची पिढी निघायच्या आधीच संपते. सगळी नाही, पण पुष्कळ."

मामा उठून उभे राहिले. "म्हणजे अक्काला आमिष करायचं? तिला सोलायचं आणि त्यांच्यापुढे टाकायचं? बाई, ती बहीण आहे माझी. शेवटचे दिवस तरी तिला सुखाने काढू द्या."

बोलली ती थोरली, आणि कधी नव्हे ती हळू आवाजात. "बाबा, ती तशीही चाललीच आहे. जाताना त्यांना घेऊन जाऊ दे."

दाराआड माझ्या अंगावर काटा आला. एवढे एकच वाक्य मला बोलता यायला हवे होते, आणि माझ्या मामेबहिणीने ते माझ्यासाठी बोलून टाकले.

मामांनी अक्काच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण दुसऱ्या कोणाच्या हत्याराने नाही." त्यांनी मला दाराआडून बाहेर काढले, पात्याचा गंज घासला, धार लावली आणि मला नव्याने तेल पाजले.

वसंतात अक्काला उरलीसुरली पाने फुटली तेव्हा मामा मला घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. एक हात सालीवर ठेवला आणि इंजेक्शन देताना डॉक्टर लहान पोराला सांगतात तसे म्हणाले, "अक्का, थोडं लागेल हं."

आपण कोणता शब्द बोललो हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी मला उचलले.

मित्रांनो, घाव घालताना मी रडलो. हे मी लपवत नाही. माझ्या रेषा तिच्याच रेषा होत्या. पाते तिच्या सालीत बसले की तो धक्का माझ्या अंगातून मामांच्या हातात जाई, आणि मी गिळता येईल तेवढा गिळत होतो. मामांनी एक गोल घाव वर घातला, एक खाली. मधली साल थोरलीने सोलली. आतले फिकट लाकूड उघडे पडले. मी घरभेदी ठरलो. पण आसवांच्या आत मला काहीतरी वेगळेच वाटत होते, आणि ते म्हणजे निव्वळ सुडाची घाई होती. आमच्या खोडाची त्यांनी खोड काढली होती. आता त्यांची खोड मोडायची होती.

उन्हाळा आला आणि ते आले. थव्याने आले, मित्रांनो! खालच्या झाडांतून निघाले, वर उताराकडे वळणार तोच आईचा वास लागला आणि माघारी फिरले. मी दारापाशी टेकून होतो. या, या, मी म्हणत होतो, असे संकोचू नका, घरचेच आहे. तुमच्या आत्याला आणा, मावशीला आणा, कोणाला मागे ठेवू नका. ते उन्हात चमकत होते, एकमेकांना टकरा देत होते, चांगल्या भेगा कोणाला मिळतात यावरून भांडत होते. त्यांना वाटत होते की आयते घबाड सापडले. मामी पुन्हा कपडे वाळत घालायला आल्या. एक हिरवा त्यांच्या हातावर बसला. मामींनी त्याला निरखून पाहिले आणि दोन बोटांत चिरडला. "मोठा आला देखणा," एवढेच म्हणाल्या आणि हात पदराला पुसला.

भिंगवाल्या बाई अधूनमधून येत. उतारावर फिरत, अक्काजवळ थांबत आणि मान हलवत. "ऐकलं तिने," त्या एकदा मामांना म्हणाल्या. "सगळे इकडेच येताहेत." मामा नुसते हं म्हणाले. पण संध्याकाळी ते अक्कापाशी जाऊन बसले आणि बराच वेळ तिच्याशी काहीतरी बोलत होते.

शरदात अक्काची पाने गळली, ती शेवटचीच. तिच्या सालीखाली शत्रूची सगळी पोरेबाळे गरम अंथरुणात झोपली होती. थंडी चांगली पडल्यावर खात्याची माणसे करवत घेऊन आली. आई आमच्या अंगणातच पडली, उताराच्या बाजूला नाही. पडतानाही तिने तिकडच्या पोरांना धक्का लावला नाही. मग मी आणि मामा फांद्या तोडू लागलो, थोरली आणि माणसे त्या ओढून नेऊन खड्ड्यातल्या आगीत टाकू लागली. बाईंनी बजावले होते की काडीसुद्धा आवाराबाहेर जाता कामा नये. गवंडी बंबासाठी दोन ढलप्या मागायला आला होता. थोरलीने त्याला ज्या शब्दांत परत पाठवले ते मी इथे सांगणार नाही.

उन्हे कलली तेव्हा एकच ओंडका उरला होता. बुंध्यावरचा, सरळ, गाठ नसलेला. त्याच्यात कितीतरी दांडे निघाले असते. मामांनी तो उचलला, पण आगीकडे नेला नाही. त्याची साल अंगठ्याने चाचपत ते भिंतीशी गेले, पूर्वी जिथे ढीग असायचा त्या मोकळ्या जागेवर तो ठेवला आणि आपली टोपी काढून त्यावर ठेवली.

"एवढं राहू दे," ते म्हणाले. "बहिणीची आठवण. लागेल..."

शब्द अर्ध्यातच अडला. बाईंनी तोंड फिरवले. मामा त्या ओंडक्याकडे पाहत राहिले. मला मात्र जिवाची तगमग होत होती, कारण मी त्याच भिंतीला टेकलेला होतो. ओंडका मला चिकटला होता आणि आत झोपलेल्यांची चुळबुळ मला स्पष्ट ऐकू येत होती.

मामांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. ओंडका अंगणाच्या मधोमध आणून उभा केला. मला दोन्ही हातांनी धरले आणि सगळे बळ लावून मारले.

तसा घाव मी जन्मात घातला नव्हता. ओंडका एका दणक्यात दुभंगला. साल सुटून बाजूला पडली आणि खाली त्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, उन्हाळ्यात हिरव्या होऊन उतारावर उडायची स्वप्ने बघणाऱ्या. मामांनी दोन्ही तुकडे स्वतःच्या हाताने उचलून आगीत टाकले. थोड्या वेळाने आतून फट्, फट् असे आवाज येऊ लागले. मित्रांनो, मला दया आली नाही. तुम्ही मला कठोर म्हणाल तर म्हणा. प्रत्येक आवाजाला मी मनातल्या मनात 'हा घे' म्हणत होतो.

माझ्या मानेपाशी काहीतरी ओले ओले वाटले म्हणून पाहिले, तर तो मामांच्या हाताचा घाम होता. त्याच्याच खाली मी उभा चिरलो होतो. त्या शेवटच्या घावाने माझा निकाल लागला होता. पाते डुगडुगत होते.

दांडा चिरला की त्याला आगीत टाकतात आणि पात्याला नवा दांडा बसवतात. आमच्या कारखान्यात तर दुसरी रीतच नव्हती. मामांनी पाते काढून घेतले आणि मला खड्ड्याकडे नेले. मी तयार होतो. आई तिथेच होती, वैरीही तिथेच होते. तेवढ्यात थोरलीने माझे दुसरे टोक धरले.

"याला साल नाही, ओल नाही," ती म्हणाली. "याच्यात कोणी शिरत नाही. आणि बाबा, अक्काचा एवढाच तुकडा उरलाय आता."

मामांनी माझ्यावरून हात फिरवला. माझ्या रेषा बघत राहिले, बुडापासून चिरेपर्यंत. त्यांनी तोंड उघडले, पण त्यांना तो शब्द बोलवेना. शेवटी मामीच पुढे झाल्या, ज्या मामींनी जन्मभर त्या शब्दाला शिव्या घातल्या होत्या, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "राहू दे हो. लागेल."

तेव्हापासून मी कारखान्याच्या भिंतीवर आहे, रंध्यांच्या ओळीत, मागच्या दारासमोर. उतारावरची खालची काही झाडे गेली, वरची राई उभी आहे. अक्काच्या बुडख्यातून एक बारीक फुटवा निघाला आहे. मामा सकाळी त्याला हाक मारतात, पण नाव अजून ठरलेले नाही. भिंगवाल्या बाई दर वर्षी येतात. भुंगेरे अजून संपलेले नाहीत. ते दुसऱ्या गावांना गेले असतील, कोणाच्या तरी गाडीत, जळाऊ लाकडाच्या मोळीतून, सहलीला निघालेल्या माणसांसोबत ऐटीत बसून.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. माझ्यासाठी हळहळू नका, मला तेल लावू नका. शेकोटीचे लाकूड जिथले तिथेच घ्या आणि तिथेच जाळा, सोबत बांधून नेऊ नका. साल असलेली परकी फळी कितीही दणकट दिसली तरी दाराशी आणू नका. झाडाचा शेंडा विरळ झाला, बुंध्यावर बारीक भोके दिसली, सुतारपक्षी उगाच साल उडवू लागले, तर बादली आणायच्या आधी भिंगवाल्या बाईंना आणा. माझ्या आईला ज्यांनी खाल्ले त्यांना तुमच्या दारात जेवायला बसवू नका.

मागचे दार दिवसभर उघडे असते. काल एक हिरवा आत आला होता. बाकड्यावर फिरला, रंध्यावर बसला, मग उडत उडत माझ्या बुडाशेजारी भिंतीवर येऊन टेकला आणि नेहमीसारखे मला न मोजता मिशा साफ करू लागला. थोरलीने हातातले काम ठेवले आणि सावकाश मला खुंटीवरून उचलून त्याच्यावर नेम धरला.

मी लागलो.